सतराव्या रकान्यात निरंक

बँकेच्या अर्जात सतरावा रकाना होता: अर्जदाराच्या नावे असलेली स्थावर मिळकत. मी त्यात 'निरंक' लिहिलं. शाळेत शाबासकी मिळवणारं माझं अक्षर, त्या अक्षरात, शाई पसरू नये म्हणून टिपकागद दाबून लिहिलं. तो कागद आज हातात आला तर त्याच्या चिंध्या करीन.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी कर्जतच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. चौतिशी उलटली होती, लग्न झालेलं नव्हतं, नोकरी कायम होती. राहायला एका तेलाच्या व्यापाऱ्याच्या घरामागे भाड्याची खोली. खोली कसली, पूर्वी तिथे पेंडीची पोती ठेवत. भिंतींचा वास दहा वर्षांत गेला नाही. मालकीणबाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण माझी दुपारची पाळी संपवून मी परत आले की त्या अंगणात उभ्याच. "आज उशीर?" रोज तोच प्रश्न. पाळी रोज त्याच वेळी सुटायची, मग उशीर कसला? एकदा मला ताप आला म्हणून एक्स्चेंजमधले मेकॅनिक औषध घेऊन आले, तर दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावून समज दिली. ते मेकॅनिक पन्नाशीचे, तीन मुलींचे बाप. मी समज ऐकून घेतली. खोली त्यांची होती ना.

त्याच दिवशी ठरवलं, की आपलं दार पाहिजे. आतून कडी आपण लावायची.

स्टेशनपासून थोड्या अंतरावर एक भातगिरणीवाला तीन मजली बिल्डिंग बांधत होता. कर्जतला तेव्हा अशा बिल्डिंगा बोटांवर मोजण्याइतक्या. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर मला परवडण्यासारखं होतं. प्लास्टर व्हायचं होतं, खिडकीला गज नव्हते, आणि त्या भोकातून माथेरानचा डोंगर सबंध दिसत होता. मी तिथे विटांच्या ढिगावर चांगली अर्धा तास बसले. गिरणीवाला म्हणाला, "बाई, बँकेचं पत्र आणा. कर्ज देणार म्हणून लेखी. दसऱ्यापर्यंत जागा ठेवतो. मग माझ्यावर रागावू नका." माणूस सरळ होता. या सगळ्या प्रकरणात तेवढा एकच.

बँकेचे साहेब मला ओळखत होते, म्हणजे माझा आवाज. दिवसातून दोन-तीनदा त्यांचा ट्रंक कॉल असायचा. "मॅडम, मुंबई जरा लवकर लावा हो, फार अर्जंट आहे." लाइन मिळाली की "थँक्यू मॅडम, तुमच्यामुळे काम झालं." मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि कर्जाचं नाव काढलं, तेव्हा मात्र मॅडमची बाई झाली.

"बाई, घरात पुरुष माणूस कोण आहे?"

मी म्हटलं, "घरच नाही, म्हणून तर आलेय."

त्यांना ते आवडलं नाही. अर्ज उलटा-सुलटा केला, सतराव्या रकान्यावर पेन ठेवलं आणि म्हणाले, "मिळकत काही नाही. मग मिळकतदार जामीन लागेल. वडील, मिस्टर, नाहीतर भाऊ."

"वडील नाहीत. माझ्याबरोबर काम करणारे दोघे जामीन राहायला तयार आहेत. दोघेही कायम नोकरीत आहेत."

"बघू, बघू. तुम्ही भावाला घेऊन या. आपलं माणूस असलेलं बरं."

आपलं माणूस! मी दहा वर्षं स्वतःच्या पगारावर जगत होते, आणि हा माणूस मला सांगत होता की माझी सही पुरत नाही, माझ्या भावाची पाहिजे. माझा भाऊ सातवी नापास. त्याला बँकेचा फॉर्म वाचता आला नसता. राग असा आला की कानशिलं तापली. पण दसरा जवळ होता, म्हणून तोंड बंद ठेवलं.

रविवारी खोपोलीची गाडी पकडून दादाकडे गेले. आमचं गाव खालापूर तालुक्यात, साजगावपासून चालत जाण्याइतकं. बाबांची भाताची जमीन तिथे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, आई त्याच्या आधी. मागे आम्ही दोघंच, दादा आणि मी. जमीन दादा कसत होता, दर वर्षी सुगीला मला पाच पायली तांदूळ पाठवत होता. मी त्याला भावाची माया समजत होते.

दादा ओटीवर बसला होता. मी सगळं सांगितलं. तो सावकाश म्हणाला, "सही देतो गं. नाय कोन म्हनतो? पन आदी तू आपली सही कर. एकदाचं मिटवून टाकू."

"कसलं मिटवायचं?"

"हक्कसोड. उताऱ्यावर तुजं नाव हाय ना बाबांच्या मागं. तलाठ्यानं लावलंय. उगा लोंबकळत कशाला?"

हे इथे सांगायला हवं. बाप गेला की तलाठी सगळ्या मुलांची नावं सातबाराच्या उताऱ्यावर चढवतो, मुलींचीसुद्धा. कायदाच आहे. आणि मग आमच्याकडे बहिणी एक दिवस ठरवून तालुक्याच्या कचेरीत जातात आणि माझा हक्क मी खुशीने सोडला असं लिहून देतात. भाऊ साडी नेसवतो, भावजय ओटी भरते, घरी गोडाचं जेवण होतं. बहिणीने हिस्सा मागितला असं माझ्या ऐकण्यात एकदाच आलं होतं. त्या बाईचं नाव घेताना माझी आई आवाज खाली करायची. तेव्हा हिस्सा म्हणजे काय, किती, हे मी कधी डोक्यातही आणलं नव्हतं. दादाची जमीन दादाची. मी अर्जात खोटं लिहिलं नव्हतं. मला खरंच वाटत होतं की माझं काही नाही.

आणि मी सही तशीही केली असती. दादाने भाऊबीजेला नुसतं म्हटलं असतं तरी केली असती. मला झोंबलं ते हे, की त्याने ती माझ्या गरजेला बांधली. मी त्याच्या दारात पहिल्यांदा काहीतरी मागायला गेले होते.

भावजय आतून चहा घेऊन आली. "वन्सं, मनात नका आनू हं काय. मानसं इचारतात तलाठ्याला, म्हनून."

"कोण माणसं?" मी विचारलं. ती दादाकडे बघायला लागली. दादाने विषय बदलला.

मंगळवारी मी रजा टाकून खालापूरच्या कचेरीत गेले. दादाकडे स्टॅम्पपेपर तयार होता. दस्त लिहिणाऱ्याने मजकूर टंकून ठेवलेला, फक्त माझ्या सहीची जागा रिकामी. कागद उलटला तर मागे विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख. मी दादाकडे जामिनाचं विचारायला गेले त्याच्या पंधरा दिवस आधीची. म्हणजे मी मागितलं नसतं तरी तो येणारच होता माझ्याकडे. आणि मी आयती चालत आले, तर त्याने त्याची किंमत लावली.

मी त्या तारखेवर बोट ठेवून दादाकडे पाहिलं. तो बाहेर पिंपळाखाली उभ्या असलेल्या साक्षीदारांना हाका मारायला लागला.

सही केली. शाबासकीचं अक्षर. घरी गेल्यावर साडी मिळाली, मोरपंखी रंगाची, नायलॉनची. भावजयीने ओटी भरली, शेवयांची खीर केली होती. जेवण झाल्यावर दादाने बँकेच्या जामीनपत्रावर सही केली, एकेक अक्षर जोडत, जीभ बाहेर काढून. मला त्याही अवस्थेत त्याची दया आली, याचाही मला आता राग येतो.

तलाठ्याने फेरफार लवकर केला. इतका लवकर मी सरकारी कागद कधी हलताना पाहिला नव्हता. दादाचं जामीनपत्र आणि नवा उतारा घेऊन मी बँकेत गेले तेव्हा दसऱ्याला पाच दिवस उरले होते. साहेबांनी चष्मा लावला. उतारा वाचता वाचता थांबले. मग पेनाच्या टोकाने एका जागी टकटक केलं.

"अहो, हे तुमचंच नाव ना?"

उताऱ्यावर नाव कमी करतात तेव्हा खोडत नाहीत, कंस घालतात. दादाच्या नावाखाली माझं नाव होतं, दोन्ही बाजूंनी कंस. शाई अजून ताजी दिसत होती.

"होय. हक्क सोडला मागच्या आठवड्यात."

"म्हणजे निम्म्या हिश्श्याच्या मालकीण होतात तुम्ही! मग अर्जात निरंक काय लिहिलंत?"

मी उतारा माझ्याकडे वळवून पुन्हा वाचला.

"स्वतःची मिळकत आहे म्हटल्यावर मी भावाचा जामीन मागितलाच नसता. तुमच्या त्या दोन सहकाऱ्यांवर भागलं असतं." ते अगदी सहज बोलत होते, वाट चुकलेल्याला पत्ता सांगावा तसं.

"तुम्ही विचारलं नाहीत मला," मी म्हटलं.

"विचारलं होतं की. सतरावा रकाना."

"नाही. तुम्ही विचारलंत, घरात पुरुष माणूस कोण आहे."

ते हसले. "बायकांच्या नावावर कुठे काय असतं, बाई. म्हणून मीही खोलात शिरलो नाही."

एवढं बोलून त्यांनी शिपायाला हाक मारली, पत्र टाइप करायला दिलं आणि मला बाकावर बसायला सांगितलं. मी बसले. त्या बाकावर बसून मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या दिल्या. साहेबांना, दादाला, पिंपळाखालच्या साक्षीदारांना. आईलाही, तिने त्या बाईचं नाव घेताना आवाज खाली केला म्हणून. मग लक्षात आलं, की निरंक मी लिहिलं होतं. कोणी माझा हात धरला नव्हता. ज्या हिश्श्यामुळे मला भावाच्या दारात जावं लागलं नसतं, तो हिस्सा मी भावाच्या दारात जाऊन देऊन आले होते. पत्र हातात पडलं तेव्हा त्यावर लिहिलं होतं, कर्ज तत्त्वतः मंजूर. गिरणीवाल्याने ते वाचून पेढा दिला.

पुढच्या चैत्रात मी राहायला गेले. वास्तुशांतीचं विचारायला भटजींकडे गेले तर ते म्हणाले, पूजेला जोडपं लागतं, तुमचे भाऊ-भावजय बसतील. मी म्हटलं, घर माझं आणि संकल्प त्यांचा? ते म्हणाले, रीत आहे. मी नमस्कार करून घरी आले. पूजा केलीच नाही. गॅसवर दूध उतू घालवलं, देवासमोर निरांजन लावलं, एक्स्चेंजमधल्या बायकांना जेवायला बोलावलं. दादा-भावजयीलाही बोलावलं. माझं चुकलंच ते.

दादा नवं धोतर नेसून आला होता. पाट मांडलेला नाही, भटजी नाहीत, हे बघून त्याचं तोंड उतरलं. त्याला वाटलं होतं, पाटावर तो बसणार. थोडा वेळ खिडकीपाशी उभा राहिला. मग पानं वाढली जात असताना, सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "पूजेला बसवलं नायस तर नायस. पन इसरू नको गं, माज्या सहीवर घर झालंय तुजं."

माझ्या हातात वरणाचं पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं.

"दादा, तुझ्या सहीला किंमत कशाने आली? निम्मी जमीन माझी होती. ती मी तुला दिली, तेव्हा तू मिळकतदार जामीन झालास. हे घर माझ्या सहीवर झालंय. खालापूरला केलेल्या."

भावजयीने पदर डोळ्यांना लावला. दादा म्हणाला, "साडी नेसवली ना तुला?" त्याला खरंच वाटत होतं की हिशेब पुरा झालाय. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आणि त्याने मला आणखीच संताप आला. लबाड असता तर भांडता आलं असतं.

ती साडी घडी न मोडता कपाटात होती. मी आणून भावजयीच्या हातात दिली. ते दोघं न जेवता गेले. त्या सुगीला तांदूळ आले नाहीत, भाऊबीजेला निरोप आला नाही. वर्षाच्या आत जमिनीला साजगावकडच्या एका कारखान्याचं कुंपण पडलं. तलाठ्याला 'माणसं' विचारत होती ती या कारखान्याचीच. दादाने घरावर स्लॅब टाकला, असं गाववाल्यांकडून कळलं.

सरकारी नोकराने घर घेतलं की खात्याला कळवावं लागतं. मी राहायला गेल्यावर महिन्याभराने हेडक्लार्कने छापील नमुना पुढे केला होता. तिथेही तोच रकाना: कर्मचाऱ्याच्या नावे असलेली स्थावर मिळकत. मी फ्लॅटचा पत्ता लिहिला. मग त्याच्याखाली, कोणी विचारलेलं नसताना, आमच्या गावाचं नाव, बाबांच्या जमिनीचा गट नंबर, निम्मा हिस्सा असं लिहिलं, आणि पुढे कंसात: होता.

हेडक्लार्कने कागद परत आणला. "मॅडम, ही ओळ काढून टाका. आता तुमच्या नावावर नाही तर कशाला लिहायची?"

मी म्हटलं, "राहू द्या. मागच्या वेळी लिहायची राहिली होती."