अर्धी बिडी

बाबांचा खोकला वाढला तसा त्यांचा बिछाना सरकत गेला. आधी माजघरातून ओसरीवर, मग ओसरीवरून गोठ्यात. हुकूम मोठेबाबांचा, म्हणजे बाबांच्या सख्ख्या थोरल्या भावाचा. "क्षय हाय त्याले. लेकराबाळांचं घर हाय," एवढं बोलले अन् विषय संपला. ताट वेगळं, पाण्याचा गडवा वेगळा. माय वाढायची तेही वरून, हात न लागू देता. बैलांच्या पाठीवरून तरी कुणी हात फिरवत होतं!

आणि हेच दोघे भाऊ बरं का! धानाचं रोवणं आटोपलं की तलावाच्या पाळीवर बसून जन्मभर एकाच बिडीचे झुरके मारत आलेले. अर्धी धाकट्याची, अर्धी थोरल्याची.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. टीबीच्या गोळ्या खाऊनही बाबा खंगतच चालले होते. मी सासरहून आले, त्यांना गोठ्यात पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. कुणाला न विचारता त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टरांनी फुप्फुसाभोवतीचं पाणी काढलं आणि त्यातल्या पेशी मुंबईला तपासायला पाठवल्या. कॅन्सरच्या पेशींत काही खास प्रथिनं असतात, औषध टाकलं की ती रंग धरतात, असं त्यांनी समजावलं. तपासणी तेव्हा नवीच होती.

"रंग चढला का व बाई?" बाबा मला रोज विचारायचे. रंग चढला म्हणजे टीबी नाही, कॅन्सर; आणि टीबी बरा होतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांना बरं व्हायचंच नव्हतं, घरात यायचं होतं.

रंग चढला. फार दिवस नाहीत, असं डॉक्टर मान खाली घालून म्हणाले. बाबांनी एकच विचारलं, "हा दुसऱ्याले लागत तं नाही ना?"

"नाही."

देवा रे, तो माणूस हसला!

परतताना जवाहरनगरच्या फाट्यावर त्यांनी मला बिडीचा कट्टा, अख्खं बंडल, घ्यायला लावला. मी ओरडले, "आता काहून बिडी?"

"माझ्यासाठी नाही व," म्हणाले.

घरी आले ते थेट ओसरीवर. मोठेबाबा बसलेलेच होते. मी साऱ्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं, टीबी नाही, कॅन्सर आहे, तो लागत नाही. बाबांनी बिडी पेटवली, दोन झुरके मारले, खोकला कसाबसा आवरला आणि उरलेली अर्धी पुढे केली. "घे ना भाऊ."

मोठेबाबांनी बिडीच्या ओल्या टोकाकडे पाहिलं. "सोडली मी," म्हणाले.

बोटाला चटका बसेपर्यंत बाबांनी हात तसाच ठेवला. मग उठले आणि आपणहून गोठ्यात गेले. कुणी 'जा' म्हटलं नव्हतं.

पोळ्याच्या आधीच ते गेले. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून अग्नी मोठेबाबांनी दिला. घाटावरून परतले, आंघोळ केली, ओसरीवर बसले आणि बाबांच्याच कट्ट्यातली एक बिडी काढून पेटवली.

मी समोर जाऊन उभी राहिले. "सोडली होती ना तुमी?"

त्यांनी बिडी अर्ध्यावर न थांबता पूर्ण ओढली.