दगडफुलावरचं व्याख्यान

गेल्या हिवाळ्यात आमच्या नाशिकच्या कॉलेजात माझं व्याख्यान होतं. मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवतो. विषय होता एकोणिसाव्या शतकातला एक स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ, ज्याने जन्मभर दगडफुलांचा अभ्यास केला. आपण मसाल्यात घालतो तेच दगडफूल, आणि त्याची असंख्य भावंडं. वडील हट्टाने बरोबर आले. माझ्याआधी याच कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्रच शिकवलं. आता त्यांना कालचं आठवत नाही, पण कोट मात्र स्वतः घालतात.

त्या स्वीडिश माणसाचे वडीलही नावाजलेले वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मुलगा त्यांच्याच वाटेने गेला. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात फिरून त्याने खडकांवरचे वाळके पापुद्रे खरवडून आणले आणि त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहायला घेतला. तो पुरा झाला नाही. हे सांगताना मी पहिल्या रांगेत बसलेल्या वडिलांकडे पाहायचं टाळलं. मला नोकरी वडिलांमुळे लागली असं स्टाफरूममध्ये बोलतात, हे मला ठाऊक आहे.

मी आणलेले दगडफुलांचे नमुने या हातातून त्या हातात फिरत होते. त्र्यंबकच्या डोंगरावरून आणलेला करडा तुकडा वडिलांनी चुरला, हुंगला आणि ते उभे राहिले.

"हे तुझ्या आईला दे. मसाल्याला कमी पडतंय म्हणत होती."

आईला जाऊन बरीच वर्षं झालीत. मुलं हसली.

"बाबा, खाली बसा."

वर्गातल्या पोराला दटावावं तसा माझा आवाज निघाला. हसणं थांबलं. वडील मुकाट्याने बसले आणि चुरा खिशात भरू लागले. मला त्यांची लाज वाटली होती, आणि ती सगळ्यांना दिसली होती.

एका मुलीने हळूच विचारलं, "सर, हे कोण?"

"माझे वडील. याच हॉलमध्ये त्यांनी..."

उरलेलं व्याख्यान मी कागदावरून कसंबसं वाचून संपवलं.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "भाषण कोणाचं होतं?"

"माझं."

"बरं झालं का?"

"नाही."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पहिलंच ना? माझंही पहिलं असंच पडलं होतं."

माझं ते पहिलं नव्हतं. मी "हो" म्हणालो आणि बाहेर बघत राहिलो.