रिकाम्या रस्त्यावरची आमची गाडी

रहदारी नसलेला रस्ता हुडकून काढायचा आणि मग त्यावर स्वतःचीच गाडी आणून घालायची, हे फक्त आपल्या लोकांना सुचू शकतं. तो रविवार आठवला की माझं डोकं अजून तापतं.

इटलीत सायकलने फिरायची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर कुणी सांगितलं नाही. नवरा सिंगापूरला, तुआसमधल्या एका कंपनीत इंजिनिअर, आणि मी त्याची बायको म्हणून मिळालेल्या डिपेंडंट पासवर. पुण्यात चांगली नोकरी करत होते. इथे माझ्या कार्डावरच छापलेलं की ही बाई कुणावर तरी अवलंबून आहे. पहिले काही महिने जुरॉंग वेस्टच्या फ्लॅटमध्ये भिंतींकडे बघत काढले. मग एक जुनी सायकल घेतली आणि जालान बहारवरून, दफनभूमीच्या कडेकडेने, लिम चू कांगच्या रस्त्याला लागले.

सिंगापुरात असा रस्ता आहे हे सांगून कुणाला पटत नाही. मॉल नाही, कॉन्डोच्या उंच इमारती नाहीत. भाज्यांचे मळे, कोंबड्या, कुठे मासे पाळलेले, आणि रस्ता संपतो तिथे समुद्र. पलीकडे मलेशिया दिसतो. रविवारी सकाळी तिथे आपल्याच चेनची किरकिर ऐकू येते. कुठल्या फाटकाजवळची कुत्री अंगावर येतात आणि कुठे जोरात पायडल मारायचं, हे मला पाठ झालं होतं. त्या रस्त्यावर मी कुणावरही अवलंबून नव्हते.

तिथूनच ते डोक्यात आलं. दक्षिण इटलीत, पुलियाच्या खेड्यापाड्यांतून जाणारे जुने रस्ते आहेत. गाड्या सगळ्या मोठ्या रस्त्याने जातात आणि हे मागे राहिलेले. दोन्ही बाजूंना दगड रचून केलेले बुटके बांध, आत ऑलिव्हची झाडं, दुपारी गावंच्या गावं झोपलेली. कितीतरी दिवस मी लॅपटॉपवर ते नकाशे बघत बसले. एका गावातून दुसऱ्या गावात मुख्य रस्त्याला न शिवता कसं जायचं, हे मी जुळवलं. नवऱ्याला दाखवलं. त्याला इतकं आवडलं की दुसऱ्याच दिवशी त्याने ते मित्रांना सांगितलं.

झालं. दोघांची सहल चार कुटुंबांची झाली. त्याचा एक मित्र चांगी बिझनेस पार्कात मॅनेजर होता. त्याच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये मीटिंग भरली. मॅनेजरने भिंतीवर स्लाइड लावल्या. स्लाइडवर माझाच नकाशा होता.

"वहिनी, तुम्ही कसलीच काळजी करू नका," तो म्हणाला. "आपण नऊ सीटर व्हॅन घेतोय. आम्ही चौघं पुढे सायकलवर, लेडीज मागून व्हॅनमध्ये. सामान, राइस कुकर, नाश्ता, सगळं तुमच्याबरोबर. तिकडे व्हेजचे फार हाल असतात."

"मी सायकल चालवणार आहे," मी म्हटलं.

"हो हो, चालवा की! संध्याकाळी हॉटेलच्या आवारात निवांत चालवा."

सगळे हसले. म्हणजे ज्या रस्त्यावर गाडी येत नाही म्हणून तो निवडला, त्या रस्त्यावरून आमची व्हॅन सायकलच्या वेगाने सरपटणार, आणि ती मी चालवणार, कारण बायकांमध्ये गाडी चालवायची सवय असलेली मी एकटी, तीही पुण्यातली. तळपायाची आग मस्तकाला गेली. पण खरं सांगायचं तर मॅनेजरपेक्षा मला नवऱ्याचा राग आला. तो समोरच्या ढोकळ्याकडे बघत तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. ते नकाशे मी कशी जुळवत होते, ते त्याने पाहिलं होतं.

घरी आल्यावर मी विचारलं, "तू बोलला का नाहीस?"

"अगं, चारचौघांत कशाला वाद? तिकडे गेल्यावर बघू."

"काय बघू? व्हॅनच्या काचेतून?"

त्याने टीव्ही लावला.

पुढच्या रविवारी प्रॅक्टिस राइड ठरली, आणि कुठे, तर लिम चू कांगला. म्हणजे हाही माझाच रस्ता! मॅनेजरने आपली मोठी गाडी आणली आणि चावी माझ्या हातात दिली. मागे कॅसरोलमध्ये पोहे, थर्मासमध्ये चहा. पोहेही मीच पहाटे उठून केलेले. आणि माझी सायकल? ती गाडीच्या मागच्या रॅकवर चढवली होती. कुणाची पंक्चर झाली तर उपयोगी पडेल म्हणून.

चौघं जोडीजोडीने निघाले, बोनस आणि फ्लॅटच्या भाड्यांच्या गप्पा मारत. त्यांच्यामागे गाडीत मी एकटी, कारण बाकीच्या बायका घरीच राहिल्या होत्या, इंडिकेटर लुकलुकवत. थोड्या वेळाने आरशात पाहिलं तर मागे भाजीची लॉरी, तिच्यामागे आणखी एक, आणि त्यांच्यामागे अडकलेले सायकलवाले. लॉरीवाल्याने कर्कश हॉर्न वाजवला. इतके दिवस त्या रस्त्यावर एवढा हॉर्न मी ऐकला नव्हता. आणि तो मलाच होता. त्या रस्त्यावरची सगळी रहदारी म्हणजे मी!

मला रडू आलं, रागाने. पुढे एका मळ्याच्या फाटकाशेजारी मोकळी जागा होती, तिथे गाडी घातली. लॉऱ्या निघून गेल्या. मी उतरले, सायकल खाली काढली, गाडीला कुलूप लावलं आणि पायडल मारायला लागले. त्या गप्पिष्टांना गाठायला फार वेळ लागला नाही.

"अहो वहिनी! गाडी?" मॅनेजर ओरडला.

"मागे आहे."

"आणि पोहे?"

"गाडीत."

"चावी?"

मी खिशावर हात मारला. "इटलीची व्हॅन रद्द झाली की मागायला या."

कुत्र्यांच्या फाटकापाशी मी नेहमीसारखा वेग घेतला. मागे भुंकणं आणि चौघांची आरडाओरड ऐकू आली. सांगितलं असतं त्यांना, पण कुणी विचारलंच नव्हतं.

रस्ता संपला तिथे मी समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. बऱ्याच वेळाने नवरा एकटाच आला, घामाघूम, धापा टाकत.

"सांगितलं मी त्याला," तो म्हणाला. "व्हॅन नको म्हणून. तू सायकलवर येणार म्हणून. चिडलाय, पण रद्द करतोय."

"हे त्या दिवशी फंक्शन रूममध्ये सांगायचं होतंस."

त्याने बाहीने कपाळ पुसलं. मी चावी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"परत जाताना गाडी तू चालव," मी म्हटलं. "आणि माझ्या मागे मागे येऊ नकोस. मला रस्ता रिकामा हवाय."