वारा कोनीकडचा हाये

वाराताई कपडे वाळत घालण्याआधी बोट ओलं करून खिडकीबाहेर धरायची. जर्मनीतल्या आमच्या त्या विद्यापीठाच्या लहानशा गावात होस्टेलच्या तळघरात कपडे वाळवायचं मशीन होतं. कपडे आत टाकायचे, बटण दाबायचं, तासाभरात पापडासारखे कडक होऊन बाहेर. तरी ही बाई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बोट वर करून, डोळे बारीक करून उभी. मग तिथूनच मला हाक, "अबे, वारा कोनीकडचा हाये?" मी काय कपाळ सांगणार? गावाच्या चारी बाजूंना द्राक्षांचे मळे. कोणीकडून का येईना, वारा द्राक्षांचाच असायचा.

छत्तीसगडातल्या आमच्या भिलाईत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे दोरीवरचे कपडे उन्हानं नाही, वाऱ्याच्या मर्जीनं वाळतात. पोलादाच्या प्लांटकडून वारा सुटला की कुठल्या तरी गच्चीवरून आवाज येतो, 'वारा फिरला व!' आणि बघता बघता गल्लीतल्या सगळ्या दोऱ्या रिकाम्या होतात. बरं, त्या दिशेला एकटा प्लांट थोडाच आहे? लहानमोठे कारखाने आहेत, वीटभट्ट्या आहेत, कोळशाचे ट्रक आहेत. कोणाची धूळ कोणती, ते तांदळातले खडे निवडावेत तसं कोणी निवडत बसलं नाही. बारीक, विटकरी धूळ. पांढरं बनियन दोन धुण्यांत चहाच्या रंगाचं करणारी. तिला आम्ही प्रदूषण म्हणत नव्हतो. प्रदूषण शाळेच्या निबंधात असायचं, आणि तेही दिल्लीचं. आमच्याकडे फक्त वारा होता.

ताईचे बाबा मूळ भंडाऱ्याकडचे, प्लांटात भट्टीवर जन्म काढून रिटायर झालेले. प्लांटच्या वसाहतीतलं सेक्टरमधलं क्वार्टर सोडून त्यांनी वैशाली नगरात घर बांधलं होतं. मी हुडको कॉलनीतला, आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या दुर्ग-भिलाईचं. दोन्ही घरांत स्कूटरनं पंधरा मिनिटांचं अंतर, पण ओळख झाली ती जर्मनीतल्या सामाईक स्वयंपाकघरात, फोडणीच्या वासावरून. वैशाली नगरची मुलगी भेटली असं मी फोनवर आईला सांगितलं तेव्हा तिनं आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. पलीकडून नुसतं 'बरं'. पुढे मी तापानं पडलो आणि ताईनं मऊ भात करून घातला, तेव्हा आईनं फोन तिलाच द्यायला लावला आणि पोटभर गप्पा मारल्या. आडनाव परत कधी निघालं नाही. माझ्याहून मोठी म्हणून ती ताई, आणि तोंडात सदानकदा वारा म्हणून वाराताई. नाव मीच ठेवलं. तिला ते आवडलं असं ती कधी म्हणाली नाही, पण हाकेला ओ द्यायची.

ती तिथे आली होती धातुशास्त्र शिकायला, आणि तेही तिच्यापेक्षा तिच्या बाबांनी ठरवलेलं. प्लांटच्या ज्या गेटातून बाबा सायकलवर आत गेले, त्याच गेटातून पोरीनं साहेब होऊन गाडीत बसून आत जायचं. बाबांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. पर्यावरणाचा विषय तिनं घेतला तो केवळ त्या वर्गाचा हीटर चांगला होता म्हणून. हे ती कोणालाही सांगायची, प्राध्यापकांनासुद्धा.

हिरवा झालो होतो तो मी. पहिल्या तीन महिन्यांतच. पाच रंगांच्या डब्यांत पाच प्रकारचा कचरा टाकायला शिकलो, मांस सोडलं (खात नव्हतोच, पण सोडलं), मोर्च्यांत जाऊन पृथ्वी वाचवायचे फलक धरले. माझ्याबरोबर फलक धरणारी पोरं सुट्टी लागली की विमानानं थायलंडला जायची आणि तिथून कासवांचे फोटो पाठवायची. ताई म्हणायची, "तू तं लई हिरवा होऊन राहिला बे. जरा सांभाळून, बकरी खाईन." एकदा मोठ्या आवेशात मी वर्गमित्रांना सांगत होतो की आमच्याकडे जुन्या साडीची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं होतं, आमची संस्कृती मुळातच कशी पर्यावरणाची. ताई भांडी घासत होती. पोरं गेल्यावर मला म्हणाली, "तुह्या घरचं मले माहीत नाही. माह्या घरी दुसरी साडी नव्हती म्हणून गोधडी व्हायची. आमच्या गरिबीले पर्यावरण नोको म्हनू." त्यानंतर मी संस्कृती हा शब्द स्वयंपाकघरात काढला नाही.

पण शेवटी अडकली तीच. एकदा वर्गात प्राध्यापकांनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या गावच्या हवेत जे तरंगतं त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? कोणी काय काय अवघड शब्द सांगितले. ताई म्हणाली, "वारा." मग समजावून सांगावं लागलं: ओलं बोट, 'वारा फिरला'ची हाक, रिकाम्या दोऱ्या. शेवटी तिनं आईच्या साडीचंही सांगितलं. ताईच्या आईकडे एक पांढरीशुभ्र साडी होती, बारीक निळ्या काठाची. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला ती नेसून त्या विहारात जायच्या. ती साडी दोरीवर असली की त्या गच्चीवरून हलायच्या नाहीत. साडी वाळेपर्यंत घरात स्वयंपाक नाही. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी. ताई बाहेर आली ती भडकूनच. मी कपडे वाळवायचं सांगितलं, हे मातम कावून करून राहिले, हा तिचा सवाल होता.

प्राध्यापकांनी मात्र तिच्या प्रबंधाचा विषय तिथेच ठरवून टाकला. पांढऱ्या कापडाचे चौकोन वजन करून भिलाईला पाठवायचे, गच्चीवर दोरीला लावायचे, महिन्यानं परत मागवून पुन्हा वजन करायचं आणि वर बसलेली धूळ तपासायची. ताईलाही ते पटलं. नाही म्हणता म्हणता ती त्यात गुंतली. हे बाबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ज्या धुळीनं घर बांधलं, तिचाच तू रिपोर्ट लिहून राहिली?" आणि फोन आईच्या हातात दिला. त्यानंतर ते तिच्याशी बोलेनात. फोन लावला की मागे टीव्हीचा आवाज यायचा, बाबा तिथेच बसलेले कळायचं, पण फोनवर यायचे नाहीत. खिडकीत बोट धरायचं ताईनं त्या दिवसांत सोडून दिलं, आणि कपडे मुकाट तळघरातल्या मशीनमध्ये टाकायला लागली. ते बघून मला फार वाईट वाटलं.

महिन्यानं कापडं परत आली ती थेट प्रयोगशाळेच्या पत्त्यावर. प्राध्यापकांनीच पुडकं उघडलं, वजनं केली, आणि गंभीर चेहऱ्यानं सगळ्यांपुढे निकाल मांडला. जाताना होती त्यापेक्षा कापडं हलकी झाली होती. म्हणजे भिलाईच्या हवेनं कापडावर काही ठेवलं तर नाहीच, उलट काढूनच घेतलं. शेजारी तुलनेसाठी महिनाभर आमच्या खिडकीला टांगलेला चौकोन होता, तो मळ्यांच्या मातीनं जरा पिवळट झालेला. एकूण भिलाईची हवा जर्मनीहून स्वच्छ. ताईनं टेबलावरचा एक चौकोन उचलला आणि नाकाला लावला. नीळ! कडेला इस्त्रीची घडीसुद्धा होती. कोऱ्या कापडाची खळ धुऊन गेली, म्हणून तर ते हलकं झालं.

तिनं तिथूनच घरी फोन लावला, आणि मी शेजारी उभा होतो.

"आई, तुनं कापडं धुतले काय?"

"मंग?" पलीकडून आवाज आला. "मळके पाठवू काय परदेशात? लोकं काय म्हनतीन?"

आईंनी पुढे सविस्तर सांगितलं. रोज सकाळी चौकोन लावायच्या, वारा फिरला की आत आणायच्या, निवला की परत लावायच्या. एकदा त्या बाजारात होत्या तेव्हा वारा सुटला, तर शेजारणीनं भिंतीवरून उडी मारून कापडं वाचवली. एवढं करूनही थोडी मळलीच, म्हणून शेवटी नीळ घालून धुतली, इस्त्री केली. एकाही कापडाला डाग नाही लागू दिला, असं त्यांनी दोनदा सांगितलं. ताई हसत सुटली. हसता हसता खाली फरशीवर बसली आणि मग रडायला लागली. जन्मभर ती बाई वारा आणि पांढरं कापड यांच्यामध्ये उभी राहिली होती, आणि आता पोरगी सांगणार होती की बाजूला हो.

त्यातून बाबा बोलायला लागले! निकाल कानावर गेला तसा त्यांनी स्वतः फोन केला. किती दिवसांनी. म्हणाले, "पाह्य, मी सांगत नव्हतो? जर्मनीवाल्यायनं बी म्हटलं, भिलाई साफ हाये." गल्लीत त्यांनी ते सांगून टाकलंही होतं. ताईला 'हाव बाबा' म्हणून मोकळं होता आलं असतं. विषय बदलायचा, धातुशास्त्राकडे परत जायचं, बाप खूश. मी तोच सल्ला दिला, कारण मोर्च्यात फलक धरणं वेगळं आणि बापाला खोटं पाडणं वेगळं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा ठेवायला उठलो. मग तिनं बाबांना सगळं सांगितलं. आईनं धुतले म्हणून साफ आले, आता न धुता लागतात. या सत्रात नाही आले तं माहं वर्ष जाते. बाबांनी फोन ठेवला.

दुसरा गठ्ठा तिनं पाठवला तो उरलीसुरली आशा म्हणून. पुढचं आम्हाला आईंकडूनच कळलं, आणि त्यांनी ते तक्रारीच्या सुरात सांगितलं. बाबांनी कापडं स्वतः दोरीला लावली, शेजारी खुर्ची टाकली आणि महिनाभर ते गच्चीवरच बसून राहिले, बायकोपासून कापडं राखत. आई जेवण वर नेऊन द्यायच्या आणि जाता जाता एखाद्या चौकोनाला हात घालायच्या. बाबा काठी आपटायचे. वारा फिरला की गल्लीभर पळापळ व्हायची. बायका ओरडायच्या, भाऊ, कापडं काढा. बाबा म्हणायचे, "फिरू द्या."

चहाच्या रंगाचे चौकोन जर्मनीला पोचले त्याच दिवशी त्यांचा फोन आला. ताईनं तो मला ऐकू येईल असा लावला. एकटीनं ऐकायची तिची हिंमत नव्हती. बाबा म्हणाले, "लिहिजो जे दिसते ते. पण ते वाचून कोनी म्हटलं, बंद करा हे सारं, तं त्याले सांगजो, तुह्या शाळेची फी याच धुळीतून गेली."

ताईनं प्रबंधात दोन्ही लिहिलं. धूळही आणि फीही. दुसरी गोष्ट शास्त्रात बसत नाही म्हणून काढा असं प्राध्यापक म्हणाले. तिनं काढली नाही. ती साहेब होऊन त्या गेटातून कधीच आत गेली नाही. तिकडेच राहिली, निरनिराळ्या देशांतल्या हवेची कापडं तपासत. आणि जगाला वाचवायला निघालेला मी? मी भिलाईला परतलो. लहान कारखान्यांना पर्यावरणाचे अहवाल तयार करून देणाऱ्या एका ऑफिसात आहे. आमच्या अहवालांत बहुतेक सगळं मर्यादेत असतं. ताईला हे सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "नीळ कोनती वापरता?"

गेल्या वर्षी तिच्या आई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या विधीला ती आली, आईची निळ्या काठाची पांढरी साडी नेसून बसली. दुसऱ्या दिवशी तिला निघायचं होतं. मी सकाळी वैशाली नगरात गेलो तर साडी धुऊन गच्चीवर घातलेली, बाबा त्याच खुर्चीत बसलेले, ताई खाली सामान बांधत होती. मी त्यांच्या शेजारी कठड्यावर बसलो.

आणि वारा फिरला. मला तो ओल्या बोटाशिवाय कळला. शेजारच्या गच्चीवरून हाक आली. मी उठलो, पण बाबांनी हातानं मला थांबवलं. ज्या पोरीनं न धुतलेल्या कापडापायी बापाला महिनाभर उन्हात बसवलं, तिची साडी तिला विचारल्याशिवाय कशी काढायची, असं त्यांच्या मनात असावं.

तेवढ्यात ताई अनवाणी धावत जिना चढून आली. कोणाकडे न बघता तिनं साडी दोरीवरून ओढली आणि छातीशी घट्ट धरून उभी राहिली. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "ताई, नमुना खराब करून राहिली तू."

"मंग? मळकी ठेवू काय?" ती म्हणाली. "लोकं काय म्हनतीन?"

आवाज हुबेहूब तिच्या आईचा होता. बाबा खुर्चीतून उठले आणि दोरीवरचे चिमटे काढायला लागले.