काळ्या न्यायाधीशबाईंचा आवाज

मी डबिंग करते. परदेशी मालिका मराठीत येतात तेव्हा पडद्यावर ओठ त्यांचे हलतात आणि आवाज आमचा असतो. लालबागला एका जुन्या गिरणीच्या आवारात, पुढे काचेची ऑफिसं आणि मागे कळकट गाळे, त्यातल्या एका गाळ्यात आमचा स्टुडिओ होता. आत अंधार, एक माईक, एक पडदा. माणसाचा रंग जिथे दिसत नाही अशी जागा आपल्याला मिळाली, असं मला सुरुवातीला वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे रंग ऐकू येतो. गोऱ्या नायिका शिवाजी पार्कच्या एका मुलीकडे जायच्या. ती माझ्याच वयाची, स्वभावाने चांगली, आणि 'ण' असा म्हणायची की ऐकणाऱ्याने सावरून बसावं. माझ्याकडे यायच्या मोलकरणी, कैदी, जादूटोणा करणाऱ्या म्हाताऱ्या आणि झाडून सगळ्या काळ्या बायका. त्यांना 'गावरान' आवाज लागायचा. दिग्दर्शक म्हणायचे, "तुझ्यात ती माती आहे गं."

माझी माती म्हणजे परळ. जन्म तिथला, शाळा तिथली. आई सरकारी इस्पितळात नर्स होती. आमच्या विहारातल्या कार्यक्रमांचं निवेदन मी सातवीपासून करत आले. एक शब्द चुकला की पुढच्या रांगेतल्या आजोबा मंडळींच्या भुवया वर जायच्या. गाव रत्नागिरीकडे, पण तिथे गेले ते मे महिन्याच्या सुट्टीत, आणि तिथेही 'आरं' आणि 'व्हय जी' कोणी म्हणत नव्हतं. हा गावरान आवाज मी टीव्हीवरच्या मराठी मालिका बघून शिकले. त्या मालिकांतल्या नट्या तो कुठून शिकल्या, ठाऊक नाही. बहुतेक आधीच्या मालिकांतून.

मग ती न्यायाधीशबाई आली. अमेरिकेतल्या कोर्टाची मालिका होती. बाई काळी, पन्नाशीची, चष्मा नाकावर, आणि समोरचा वकील घाम पुसत असायचा. मला आनंद झाला. म्हटलं, एकदाची शिकलेली बाई मिळाली. संहिता हातात आली तर पहिलंच वाक्य : "आरं लेकरा, कायद्याफुडं समदी सारखीच."

संहिता लिहायचे ते गिरगावचे एक निवृत्त मराठीचे प्राध्यापक. सभ्य गृहस्थ, मला नेहमी अहो-जाहो करायचे. त्या दिवशी ते स्टुडिओत आले होते, म्हणून विचारलं.

"सर, या बाई मूळ इंग्रजीत अगदी स्वच्छ बोलतात."

"बोलतात ना," ते म्हणाले. "पण मराठीत आणताना त्यांचं वेगळेपण कसं दाखवायचं? आपल्या वाङ्मयात अशा स्त्रीच्या तोंडी हीच भाषा शोभते. परंपरा आहे ती."

"अशा म्हणजे कशा?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे, सोसलेल्या."

"त्या न्यायाधीश आहेत, सर."

"हो, पण त्याआधी सोसलं असणारच."

दिग्दर्शक मध्ये पडले. ते पुरोगामी होते. वर्णभेदावर दादरला व्याख्यानं द्यायचे आणि आम्हालाही ऐकायला बोलवायचे. "प्रेक्षकाला डोळे मिटूनसुद्धा कळलं पाहिजे गं, कोण बोलतंय ते," ते म्हणाले. मी एकदा साध्या मराठीत वाक्य बोलून दाखवलं. त्यांनी ते मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "चांगलंय. पण तिच्या रंगाला शोभत नाही."

काम सोडून घरी बसण्याची ती वेळ नव्हती. मी बोलले. 'लेकरा' म्हणून बोलले, 'समदी' म्हणून बोलले.

मालिका लागली तेव्हा आईबरोबर बसून पाहिली. त्यात एक गोरा डॉक्टर होता, बायकोच्या खुनाचा आरोपी. त्याची मराठी सदाशिव पेठेला लाजवील अशी. आई एकदम त्याच्या बाजूने झाली.

"हा निर्दोष आहे."

"कशावरून?"

"बोलतोय बघ किती नीट. आमचे मोठे डॉक्टर असेच बोलायचे." मग न्यायाधीशबाई आल्या. आईने थोडा वेळ ऐकून घेतलं. "ही कुठल्या गावची गं?"

"अमेरिकेची."

"मग अशी का बोलते? शिकलेली दिसत नाही. हिला कोर्टात कोणी बसवलं?"

"आई, तो माझा आवाज आहे."

"ते कळलं मला," आई म्हणाली. "म्हणून तर विचारतेय."

मला रात्रभर तेवढंच आठवत राहिलं, असं काही झालं नाही. पण जेवण नीट गेलं नाही खरं.

शेवटच्या भागात निकाल होता. बाई सलग बोलतात, भरभर, धारदार, आणि कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरून हलत नाही. आम्ही ते रेकॉर्ड करायला बसलो आणि जमेना. 'लेकरा' ओढून म्हणेपर्यंत बाईंचे ओठ पुढच्या वाक्यावर गेलेले असायचे. कापून पाहिलं, पळवून पाहिलं. दुपारची जेवायची वेळ टळून गेली, रेकॉर्डिस्ट जांभया द्यायला लागला. शेवटी दिग्दर्शक वैतागून म्हणाले, "बोल बाई तुला हवं तसं, पण ओठांत बसव."

मी इंग्रजी वाक्यं पुन्हा एकदा ऐकली आणि विहारात बोलते तशी बोलले. "या न्यायालयासमोर आलेला पुरावा पुरेसा आहे. आरोपीची प्रतिष्ठा हा पुरावा नव्हे." पहिल्याच फटक्यात बसलं. मग कानातल्या हेडफोनमधून दिग्दर्शकांचा आवाज आला, "मस्त. पण आता ती काळी वाटत नाहीये."

पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, म्हणून तेच गेलं. अख्खी मालिका बांधावर उभी राहिल्यासारखी बोललेली बाई निकालाच्या दिवशी अचानक शुद्ध मराठीत बोलली, आणि कोणीही तक्रार केली नाही. प्राध्यापकांचा मात्र फोन आला. निकाल प्रभावी झाला, म्हणाले. फक्त भाषेत थोडा अस्सलपणा कमी पडला.

पुढच्या कामाला दिग्दर्शकांनी मोठ्या मनाने सांगितलं, "या वेळी तुला गोरी देतो." गोरी होती खरी. दारुडी, पत्र्याच्या घरात राहणारी, शिव्या देणारी. संहितेत पहिला शब्द 'आरं'. मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं. एवढी गोरी बाई देऊनही मी नाही म्हणते, हे त्यांच्या पचनी पडेना.

ती भूमिका शिवाजी पार्कच्या मुलीकडे गेली. दोन दिवसांनी तिचा फोन. "अगं, ते गावरान कसं करतेस? मला शिकव ना."

मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने पोहे केले आणि आमच्यासमोर बसून राहिली. मी मालिकांतून उचललेलं सगळं तिला दिलं : हेल कुठे काढायचा, 'सगळं'चं 'समदं' कधी करायचं. तिने फार मेहनत घेतली. तासाभराने तिची आई मला म्हणाली, "तुमच्याकडे हे घरातच असतं ना, म्हणून सोपं जातं."

"आमच्याकडे असं कोणी बोलत नाही, काकू."

"हो का? मग कोण बोलतं?"

मुलगी हसायला लागली, मग मीही.

दोन भाग झाल्यावर दिग्दर्शकांनी तिला सांगितलं की तुझ्यात ती मातीच नाही, आणि मला पुन्हा फोन केला. मी तोवर शिवडीच्या एका दुसऱ्या स्टुडिओत लहान मुलांच्या कार्टूनसाठी हत्तिणीचा आवाज घेतला होता. मोठी, शहाणी हत्तीण. हत्तिणीला कोणती मराठी शोभते यावर कुणाचं मत नसेल, अशी माझी समजूत.

पहिल्याच दिवशी तिथल्या दिग्दर्शिकेने विचारलं, "ती आफ्रिकेतली आहे, लक्षात आहे ना?"

"आहे," मी म्हटलं, आणि माझ्या नेहमीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. ती पेन हातात धरून ऐकत राहिली. पान संपलं तरी तिने थांबवलं नाही, म्हणून मी पुढचं पान उलटलं.