बांध क्रमांक सात: पनवेलची अडीच दिवसांची अभ्यास-सहल

पनवेल मी आजवर पन्नासेक वेळा पाहिलं असेल, पण दर वेळी एसटीच्या खिडकीतून. कंडक्टर ओरडतो, "पनवेलवाले उतरून घ्या," आणि आपण डोळे न उघडता पाय आणखी लांब करतो. त्यामुळे "शुक्रवार-शनिवार रजा हवी, पनवेलला चाललोय," असं सांगितल्यावर आमच्या शाळेच्या ऑफिसात (मी तिथे हेडक्लार्क आहे) शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "आणि तिथून पुढे?"

तिथून पुढे कुठेच नाही. माझी बायको मेधा साताऱ्यात भूगोल शिकवते आणि गेली सहा वर्षं पीएच.डी. करते आहे. विषय: खाडीकाठचे जुने मातीचे बांध. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून पूर्वी लोकांनी घातलेले. पनवेलच्या एका कॉलेजात नकाशे, शेती, ऊर्जा, करिअर आणि अर्थशास्त्र अशा पाच विषयांची परिषद होती आणि तिथे ती निबंध वाचणार होती. नकाशाची नळी धरायला माणूस हवा होता. तो मी.

या ब्लॉगवर आजवर किल्ले आणि मिसळ सोडून काही आलेलं नाही, हे मान्य. पण जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शुक्रवारी पहाटे साताऱ्याहून मुंबईची गाडी धरली. द्रुतगती मार्गावरच्या थांब्यावर वडापाव घेतला तर वडा गरम आणि पाव आदल्या दिवशीचा निघाला, तेव्हा घरून पोळीभाजी न्यावी हे बरं. नकाशाची नळी चार फुटांची. ती वर सामानाच्या फळीवर मावेना, पायात उभी राहीना. शेवटी मी ती खांद्यावर घेऊन बसलो आणि पुढच्या सीटवरच्या आजोबांनी दोनदा मागे वळून विचारलं, "बंदूक भरलेली नाही ना?"

मुक्काम कामोठ्याला केला. पनवेल स्टेशनजवळच्यापेक्षा लॉज स्वस्त, खोल्या स्वच्छ, खाली खानावळ. फक्त खोली घेताना भिंतीपलीकडे काय आहे ते विचारा. आमच्या भिंतीपलीकडे क्लास होता. आम्ही बॅगा टेकवल्या तोच पन्नास पोरं एका सुरात ओरडली, "साइन थीटा!" मेधा म्हणाली, "अभ्यासाला वातावरण चांगलं आहे."

दुपारी गव्हाण. मेधाच्या नकाशावर सात बांध आहेत. सहा तिने पायी तुडवलेत. सातवा गव्हाणच्या बाजूचा. ती मागे आली तेव्हा पावसाळा होता आणि गुडघाभर चिखलातून पुढे जाता आलं नव्हतं. तो तिने उपग्रहाच्या छायाचित्रावरून काढला होता, आणि नेमका तोच सगळ्यांत सुंदर होता. अर्धवर्तुळाकार, एकसारखा वळलेला. तिथे पूर्वी खाडीचा फाटा असणार आणि गावकऱ्यांनी त्याच्या वळणाला धरून बांध घातला असणार, हा तिच्या निबंधाचा गाभा. उद्या वाचायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघू, म्हणून निघालो.

"गव्हाण? रिटर्न भाडं पडेल साहेब, तिकडून पॅसेंजर नाही मिळत," रिक्षावाला म्हणाला. मी मीटर हा शब्द उच्चारला. तो मनापासून हसला. तुम्ही गेलात तर उरणकडे जाणारी बस धरा आणि फाट्यावर उतरून चाला.

गावाच्या टोकाला एक साठी ओलांडलेल्या बाई प्लास्टिकच्या जाळीवर जवळा वाळवत होत्या. हातात काठी, कावळ्यांसाठी. मेधाने नकाशा त्यांच्यासमोर उलगडला.

"काकी, हा जुना बांध कुठून दिसेल?"

काकींनी नकाशा पाहिला, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा नकाशा पाहिला. "कुठला जुना गो बाय? ह्या तर पोरांच्या किरकेटची बाउंडरी हाय!"

"काय?"

"बॉल चिकलात जायचा ना. मंग पोरांनी जेसीबी लावून माती टाकली. चार-पाच वर्सं झाली असतील. जा ना, बघून ये. सिक्स मारला का हितं माझे जवल्यात येतो."

आम्ही गेलो. उतारावर चुन्याने लिहिलेलं होतं, 'कृपया बांधावर बसू नये, कॅच सुटतो.' मेधा त्यावरच बसली.

मी तिच्याशेजारी बसलो. तीस वर्षांच्या संसारात अशा वेळी काय बोलावं ते मला आजवर सापडलेलं नाही, म्हणून मी म्हणालो, "वळण मात्र सुरेख आहे हं." तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हे माझं नशीब.

तिने मार्गदर्शक सरांना फोन लावला. सरांचा आवाज एवढा मोठा की स्पीकरची गरज नव्हती. "मॅडम, गोषवारा छापून झालाय. आता काही हलवू नका. उद्या कोण गव्हाणला जाऊन बघणार आहे?"

"मी आलेय ना सर," मेधा म्हणाली आणि फोन ठेवला.

परत आलो तर काकींनी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे ठेवली. त्यांचं नाव चांगुणाकाकी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मेधाने एक घास घेतला आणि विचारलं, "मग खरा बांध कुठे होता?"

"तो आता दिसायचा नाय. त्याच्यावर भराव झाला. पन मी सांगते ना कुठं होता. माझे सासऱ्याकडं उघाडी होती." उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीला बंद करायचं. मेधाने वही काढली.

निघताना ती म्हणाली, "काकी, उद्या याल का परिषदेला?"

"मला काय समजतंय त्यातला? तशी शनवारी मी पनवेलला मासली घेऊन बसतेच. धंदा आटपला तर बघू."

शनिवारी परिषद. पाच विषयांना पाच दालनं होती, पण श्रोते एकाच दालनापुरते निघाले, म्हणून सगळ्यांना एकत्र बसवलं. प्रत्येकाला आठ मिनिटं. घंटा एका सरांकडे होती आणि ते सातव्या मिनिटापासूनच तिच्यावर हात ठेवून बसत.

अर्थशास्त्राच्या सरांनी ग्राहक नेहमी विचार करून निवड करतो हे आलेखांनी सिद्ध केलं, आणि चहाच्या सुट्टीत कुठलं बिस्कीट घ्यावं ते न ठरवता आल्याने तिन्ही घेतली. करिअरवाल्या सरांनी चाळीस प्रश्नांची चाचणी आणली होती. नमुन्यादाखल माझी घेतली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला कळलं की मी बालवाडीत शिकवायला हवं होतं. शेतीच्या मॅडम खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भातावर बोलल्या. मग ऊर्जेवर संशोधन करणारी सायली नावाची मुलगी उभी राहिली. तिने उन्हावर चालणारी, मासळी वाळवायची काचेची पेटी बनवली होती.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. आधी वास आला, मग चांगुणाकाकी. कमरेवर अर्धी रिकामी टोपली. त्या सरळ माझ्याशेजारी येऊन बसल्या. एसी चालू होता, त्यामुळे पाचच मिनिटांत पाचही विषयांना सुके बोंबील समान पोहोचले.

सायलीचं संपलं. "काही प्रश्न?" सगळ्यांनी घड्याळं पाहिली. काकींनी हात वर केला.

"पोरी, त्याच्यात मांजर शिरतं का?"

हशा पिकला. सायली हसली नाही. तिने वहीत पाहिलं आणि म्हणाली, "आजी, ते आम्ही तपासलंच नाही. झाकण नुसतं टेकवलेलं असतं."

"मंग शिरल," काकी म्हणाल्या. सायलीने लिहून घेतलं.

मग मेधा. मी नळीतून नकाशा काढून फळ्यावर लावला. माझी जबाबदारी संपली आणि मी काकींशेजारी जाऊन बसलो. मेधाने छापलेला निबंध बाजूला ठेवला. लाल पेन घेतलं आणि सातव्या बांधावर फुली मारली.

"हा बांध माझ्या निबंधाचा मुख्य पुरावा होता," ती म्हणाली. "काल मी तिथे जाऊन आले. ही क्रिकेटची बाउंडरी आहे. माझी चूक झाली."

आधी कुणाला कळलंच नाही. मग पहिल्या रांगेतून कुणीतरी फुसकन हसलं आणि सगळी खोली हसली. मेधाचे कान लाल झाले. पण ती थांबली नाही. उपग्रहातून काय दिसतं आणि काय दिसत नाही, गाडला गेलेला बांध कागदावर कुठून आणायचा, हे ती सांगत राहिली. सातव्या मिनिटाला घंटेवर हात गेला.

"घंटा राहू द्या," अध्यक्ष म्हणाल्या. निवृत्त प्राध्यापिका, सकाळपासून डोळे मिटून बसलेल्या. मला त्या झोपल्यात असं वाटलं होतं. "खरा बांध कुठे होता, ते कोण सांगेल?"

मेधाने मागे बोट दाखवलं. काकी उठल्या, पदर खोचला, टोपली माझ्या मांडीवर ठेवली आणि पुढे गेल्या. नकाशावर बोट फिरवत त्या सांगत होत्या आणि मेधा त्यांच्या बोटामागून पेन्सिल चालवत होती. "हितून ह्या चिंचेपरयंत. हितं उघाडी." शेतीच्या मॅडमनी विचारलं, आत कुठलं भात होतं? काकींनी नाव सांगितलं, तांबड्या दाण्याचं. मॅडम पळत पुढे आल्या.

करिअरच्या सरांनाही राहवलं नाही. "आजी, तुम्हाला लहानपणी काय व्हायचं होतं?"

"लानपनीचा काय आठवत नाय. पन सासरा आजारी पडला तवा तीन पावसाले उघाडी मीच संबाळली. भरती रातची असो का दिसाची. पानी एकदा पन आत आला नाय." त्यांनी पदर पुन्हा खोचला. "सासरा गेला आन् ती दिराला दिली. बाईला नाय देत."

मेधाने नकाशावर पेन्सिलीने 'उघाडी' लिहिलं आणि त्याखाली चांगुणाकाकींचं पूर्ण नाव, विचारून.

उत्तम निबंधाचं पारितोषिक अर्थशास्त्राला गेलं. अध्यक्षबाईंनी मेधाला बाजूला घेऊन सांगितलं, "सगळं पुन्हा करावं लागेल. करा, आणि मला वाचायला पाठवा." काकींचे उरलेले बोंबील सायलीने आणि दोन प्राध्यापकांनी विकत घेतले. घंटेवाल्या सरांनी भावात घासाघीस केली. काकींनी त्यांना दिलेच नाहीत.

रविवारी दुपारी आम्ही घरी. पीएच.डी. आणखी वर्षभर लांबली आहे. मार्गदर्शक सर दोन दिवस बोलत नव्हते, आता बोलतात. पनवेलला पाहण्यासारखं काय आहे, असं ऑफिसात विचारतात. मी बोंबिलाचं सांगतो, कामोठ्याच्या लॉजचं सांगतो.

एक गोष्ट सांगत नाही, ती इथे लिहितो. मेधाला मी घरात, वर्गात, माहेरी, दुकानदारासमोर, सगळीकडे बोलताना ऐकलंय. पण साठ माणसांसमोर 'माझी चूक झाली' म्हणून, हसणं ओसरेपर्यंत उभं राहून, पुढचं वाक्य सुरू करताना पहिल्यांदाच पाहिलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मला हे एकदाही जमलेलं नाही. सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी एक जुनी फाइल काढली, जिच्यातली चूक मी तीन वर्षं दुसऱ्यावर ढकलत होतो, आणि मुख्याध्यापकांच्या दारावर टकटक केली.