हेडिंगवाले काका

हेडिंगवर जिवापाड प्रेम करणारा माणूस या भूतलावर एकच झाला असेल, आणि तो महापेच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. आमचं काम दुकानांच्या आणि कंपन्यांच्या जाहिरातींचे ईमेल तयार करून पाठवण्याचं. मी मजकूर लिहायचे, काका तो कोडमध्ये बसवायचे. पन्नाशी उलटलेले, न्हावा शेव्याकडच्या खाडीकाठच्या गावचे. आधी तिथल्याच बंदरात कस्टम्स एजंटाकडे कारकून होते, मग चाळिशीत कॉम्प्युटर शिकले. सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणायचं.

एखाद्या नव्या मुलीनं नुसती अक्षरं मोठी आणि ठळक करून मथळा सजवला, की काकांच्या चेहऱ्यावर जेवणात खडा लागल्यासारखा भाव यायचा. "गो बाय, ह्ये तुज्या डोल्यांना हेडिंग हाय. मशीनला काय ठावं?" मग ते समजावत बसायचे. अंध माणसाचा फोन मजकूर वाचून दाखवतो. मथळ्याला मथळ्याचा आणि परिच्छेदाला परिच्छेदाचा टॅग, म्हणजे कोडमधली खूण, लावला, तर तो माणूस मथळ्यामागून मथळे ऐकत हवं तिथे पोचतो. नाही लावला, तर त्याला सगळा ढिगारा पहिल्यापासून उपसावा लागतो. पाठवण्याआधी प्रत्येक ईमेल काका डोळे मिटून, फोन कानाला लावून ऐकायचे. नवीन आलेल्यांना वाटायचं, काकांना डुलकी लागली.

हे वेड ऑफिसपुरतं असतं तर ठीक होतं. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत वरच्या अर्ध्या भागात चाळीस मान्यवरांची नावं होती. काकांनी छापखान्यात उभं राहून ती सगळी खाली ढकलली. "लग्न कोनाचं, कवा, कुटं, ह्ये आदी. मान्यवर मागून." पत्रिका सुटसुटीत झाली, पण लग्नात दोन मान्यवर आहेर न देताच परतले.

एकदा मात्र प्रकरण नोकरीपर्यंत गेलं. चष्म्यांच्या दुकानांची एक साखळी आमची गिऱ्हाईक होती. त्यांचा सणाचा ईमेल म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच देखणं चित्र, अक्षरंसुद्धा चित्रातच. काका म्हणाले, "ह्ये मी पाटवनार नाय." साहेब चिडले. "काका, टेन्शन नका देऊ. आज नाही गेला तर ते दुसरीकडे जातील. मग तुमचं काय करायचं ते मला बघावं लागेल." त्याच दुपारी त्या साखळीचे मॅनेजर स्वतः ऑफिसात आले.

काका उठले, त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "सायेब, एक मिनिट डोले मिटा." मॅनेजर गोंधळले, पण त्यांनी मिटले. काकांनी फोन सुरू केला. फोन म्हणाला, "चित्र." थोडं थांबून म्हणाला, "हे ईमेल नको असल्यास इथे दाबा." आणि गप्प झाला.

"एवढंच?" मॅनेजरनी डोळे उघडले.

"एवडंच. तुमी चष्मे इकता ना? मंग ज्याला कमी दिसतं त्यालाच सांगता, की नको आसल तर जा."

साहेब भिंतीकडे बघत होते. मॅनेजरनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "किती वेळ लागेल?" संध्याकाळी पाच वाजता नवा ईमेल गेला. चित्र होतं, पण त्याच्याखाली खरे मथळे होते, खरे परिच्छेद होते.

दोन दिवसांनी पनवेलच्या एका निवृत्त शिक्षिकेचं उत्तर आलं. त्यांना जेमतेम उजेड-अंधार कळायचा. त्यांनी लिहिलं होतं, "तुमचे ईमेल खूप दिवसांपासून येतात. तुम्ही काय विकता, ते आज कळलं. मला चष्म्याचा उपयोग नाही, पण नातीला घेऊन येते." मॅनेजरनी ते पत्र आमच्याकडे पाठवलं आणि पुढचे सगळे ईमेल असेच करा म्हणून कळवलं. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. काका मात्र कागदाच्या कपातला चहा ढवळत राहिले.

मला वाटायचं, काकांच्या घरात कुणीतरी अंध असणार. त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मी धीर करून विचारलंच.

"नाय गो, कोन नाय," ते म्हणाले. "बंदरात होतो ना, तवा ट्रकवाले फारम घेऊन यायचे. सगलं इंग्रजी. येक बिहारी डायवर रोज इचारायचा, बाबूजी, इसमें मेरा कहाँ है? मी लाल पेनशिलीनं त्याच्या सहीच्या ओलीवर फुली मारायचो. येक दिवस मी रजेवर होतो. त्यानं भलत्याच जाग्यावर सही केली. गाडी आत घेतली नाय. सा दिवस गेटभाईर गाडीत झोपला, बिचारा."

एवढं बोलून काका पुन्हा स्क्रीनकडे वळले. खाली रस्त्यावर कंटेनरवाले ट्रक रांगेत उभे होते. इतकी वर्षं त्या खिडकीत बसून मी फक्त त्यांचे हॉर्न ऐकले होते. त्या दिवशी मी उठून खिडकीशी गेले आणि पहिल्यांदाच, केबिनमध्ये कोण बसलंय ते पाहत बराच वेळ उभी राहिले.